पोटातलं पाणी काढायचं आहे: निघण्याआधी, काढताना आणि घरी आल्यावर काय करायचं

जलोदराच्या पेशंटच्या पोटातलं पाणी सुईने काढणं हे डॉक्टरांच्या दृष्टीने रोजचं काम आहे. नीट जागा बघून, स्वच्छता पाळून केलं तर त्यात मोठा त्रास होण्याचं प्रमाण खूपच कमी असतं. घोळ होतात ते सुई टोचण्याआधी आणि सुई काढल्यानंतर. पेशंट उपाशीपोटी येतो, जुनी फाईल घरीच राहते, अल्ब्युमिनची (शिरेतून द्यायच्या प्रोटीनच्या औषधाची) बाटली 'महाग आहे, राहू द्या' म्हणून टळते, पाण्याचा नमुना तपासायला जातच नाही, आणि पोट हलकं झालं म्हणून त्याच संध्याकाळी दीडशे किलोमीटरच्या एसटीत पेशंटला बसवलं जातं. मराठवाड्यातल्या वॉर्डात हे पुन्हा पुन्हा दिसतं आणि त्यातलं बरंचसं टळण्यासारखं असतं. म्हणून हे सगळं नातेवाइकांसाठी क्रमाने लिहितो आहे. सुई कुठे आणि कशी टोचायची हा निर्णय डॉक्टरांचा. बाकीचं बरंच काम तुमच्या हातात आहे.

## टप्पा १: पाणी कशासाठी काढताहेत, ते आधी विचारा

पाणी दोन कारणांसाठी काढतात. एक, तपासायला. त्यासाठी थोडंसं, साधारण ५० मिलिलिटरच्या आसपास पाणी पुरतं. दुसरं, पोट ताणून दम लागतो, जेवण जात नाही, झोप येत नाही म्हणून काही लिटर काढायला. दोन्हींची तयारी वेगळी आहे. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: "आज नुसता नमुना घेणार, की जास्त पाणी काढणार? साधारण किती लिटर?"

पोटात पाणी होणं हा स्वतः आजार नाही, ते आजाराचं लक्षण आहे. बहुतेक पेशंटमध्ये मूळ कारण लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, हे असतं. दारूमुळे, हिपॅटायटिस बी किंवा सी मुळे, किंवा मधुमेह आणि लठ्ठपणातून आलेल्या फॅटी लिव्हरमुळे. पण पोटाचा टीबी, कॅन्सर, हृदयाचा किंवा किडनीचा आजार यांतही पोटात पाणी साठतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून पहिल्यांदा पाणी काढताना ते न तपासता फेकून द्यायचं नाही. गावातल्या दवाखान्यात कुणी 'पाणी काढून देतो, मोकळं वाटेल' म्हणत असेल आणि नमुना लॅबला पाठवायची व्यवस्था नसेल, तर तिथे काढू नका.

एक समज खोडून टाकायला हवा. "एकदा पाणी काढलं की मग ते भरतच ऱ्हातंय, सवय लागती पोटाला," असं गावोगाव ऐकू येतं. पोटाला अशी सवय वगैरे लागत नाही. लिव्हर तसंच आहे, मीठ सुटलेलं नाही, गोळ्या नीट चालू नाहीत, म्हणून भरतं. या समजापायी लोक दोन-दोन महिने थांबतात, आणि पाण्यात जंतुसंसर्ग झाल्यावर, ताप आणि गुंगी चढल्यावर पेशंटला घेऊन येतात.

## टप्पा २: आदल्या दिवशीची तयारी

कागद. सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधीचे डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे सगळ्यात अलीकडचे रिपोर्ट (हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, सोडियम, लिव्हरच्या तपासण्या), आधी पाणी काढलं असेल तर किती लिटर आणि कधी. हे सगळं एका पिशवीत तारखेप्रमाणे लावा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर हे नक्की करावं. हंगामात कारखान्याच्या भागात त्रास वाढला, तर तिथल्या डॉक्टरांना या फोटोंवरूनच पेशंट कळणार आहे.

आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखालच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. तिथे भरतीच्या वेळीच जाऊन विचारायचं. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

औषधं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. 'पांढरी छोटी गोळी' असं सांगितल्याने काहीच कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांपैकी काही, तर ते आपणहून सांगा. पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने ती अचानक थांबवली तर त्याचा धोका सुईपेक्षा मोठा आहे. लघवी होण्याची गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही, हेही आदल्या दिवशी विचारून ठेवा.

पोट भरलेलं चालतं. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. पाणी काढायला उपाशी राहावं लागत नाही. ऑपरेशनसारखं समजून रात्रीपासून उपाशी ठेवलेला पेशंट दुपारी बारापर्यंत नंबराची वाट बघत बसतो. सिरॉसिसच्या पेशंटचं शरीर आधीच झिजलेलं असतं, इतका वेळ उपाशी राहणं त्याला सोसत नाही. मधुमेह असेल तर साखर उतरून चक्कर येते. त्याच दिवशी सोनोग्राफी असेल आणि तिथे उपाशी बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी. मग सोनोग्राफी झाल्या झाल्या काहीतरी खायला द्या.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी: पोटाचं जुनं ऑपरेशन, बेंबीचा हर्निया, गर्भारपण, औषधाची ॲलर्जी (विशेषतः भूल देणाऱ्या इंजेक्शनची), नुकतीच झालेली रक्ताची उलटी किंवा काळी शौच, दोन दिवसांत वाढलेली गुंगी.

> तपासा: फाईल, गोळ्यांची पाकिटं, आधार, रेशन कार्ड, सैल कपडे, बदलायला एक जोड, डबा, आणि रात्री थांबावं लागलं तर सोबत राहू शकेल असा एक माणूस.

## टप्पा ३: अल्ब्युमिनचं गणित आधी करा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सिरॉसिसच्या पेशंटचं नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं.

पोटातून एकदम खूप पाणी काढलं की तासाभरात पेशंट बरा दिसतो. खरा परिणाम नंतरच्या काही दिवसांत होतो. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्ताचा दाब उतरतो, किडनीला रक्त कमी पोहोचतं. लघवी कमी होते, सोडियम घसरतं आणि पाणी पुन्हा लवकर भरतं. हे टाळण्यासाठी शिरेतून अल्ब्युमिन देतात. म्हणून सिरॉसिसमध्ये ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचं, असा नियम आहे. त्याहून कमी पाणी काढलं तरी किडनी नाजूक असेल तर डॉक्टर ते देतात.

बाजारात २० टक्क्यांची १०० मिलिलिटरची बाटली मिळते. तिच्यात २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. समजा ६ लिटर पाणी काढायचं आहे. म्हणजे ३६ ते ४८ ग्रॅम लागणार, दोन ते अडीच बाटल्या. ८ लिटरला ४८ ते ६४ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन बाटल्या. ५० मिलिलिटरची लहान बाटलीही येते, तिच्यात निम्मंच असतं. दुकानात पैसे देण्याआधी लेबलावरची टक्केवारी आणि मिलिलिटर दोन्ही वाचा.

बाटल्या परवडत नसतील तर ते लपवू नका. पाणी काढायच्या आधी डॉक्टरांना सांगा. ते एका वेळी कमी पाणी काढू शकतात, रुग्णालयाच्या साठ्यातून किंवा योजनेतून सोय होते का ते पाहू शकतात. ८ लिटर काढून झाल्यावर 'बाटली उद्या आणतो' म्हणणं, हे मात्र पेशंटच्या किडनीवर बेततं.

अल्ब्युमिन हे माणसाच्या रक्तातून बनवलेलं औषध आहे. त्याऐवजी ग्लुकोजची सलाईन, किंवा दुकानात मिळणारी प्रोटीन पावडर चालत नाही. उलट साध्या मिठाच्या सलाईनने पोटातलं पाणी वाढतं. 'ताकदीची सलाईन लावा' असा आग्रह धरू नका.

> सावधान: एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो. बाटली उन्हात, गाडीच्या डिकीत, मोटारसायकलच्या डब्यात ठेवू नका. किती तापमानाला ठेवायची ते लेबलावर लिहिलेलं असतं. ती गोठवायचीही नाही. बाटलीतलं औषध गढूळ दिसलं किंवा मुदत संपली असेल तर परत करा.

टीबी किंवा कॅन्सरमुळे पाणी झालं असेल तर अल्ब्युमिनची सहसा गरज नसते. म्हणून शेजारच्या पेशंटला लागल्या तेवढ्या बाटल्या आपल्यालाही आणाव्यात, असं करू नका.

## टप्पा ४: पाणी काढताना

आधी संमतीपत्रावर सही घेतात. वाचून, विचारून सही करा. त्यानंतरचा क्रम साधारण असा असतो.

१. लघवी करून यायची. भरलेली लघवीची पिशवी सुईच्या वाटेत येऊ शकते. लघवी होत नसेल तर तसं सांगा.

२. जागा ठरते. पेशंटला पाठीवर, डोकं थोडं उंच ठेवून झोपवतात. बहुतेक वेळा पोटाच्या डाव्या बाजूला खाली सुई घालतात, कमरेच्या पुढे जाणवणाऱ्या हाडाच्या टोकापासून साधारण ३ सेंटिमीटर वर आणि तेवढंच आत. जुन्या ऑपरेशनचे व्रण, पोटावर फुगलेल्या शिरा आणि पुरळ आलेली जागा टाळतात. सोनोग्राफी करून खूण केली असेल, तर ती ज्या स्थितीत झोपवून केली त्याच स्थितीत पेशंटने राहायचं. खूण झाल्यावर कुशीवर वळला, उठून बसला, की पाणीही सरकतं आणि आतडीही. मग खूण निरुपयोगी.

३. निर्जंतुक करून भूल. कातडी औषधाने पुसतात आणि लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. ते टोचताना चुरचुरतं. त्यानंतर फक्त दाब जाणवतो. पेशंटने हात डोक्याशी किंवा छातीवर ठेवायचे. 'कुठं टोचलं बघू' म्हणून पुसलेल्या जागेला हात लावला की सगळं पुन्हा पुसावं लागतं.

४. आधी नमुना, मग नळी. पहिलं पाणी तपासणीच्या बाटल्यांत भरतं, मग नळी जोडून उरलेलं पाणी पिशवीत किंवा भांड्यात उतरतं.

५. मधल्या वेळात नजर. काही लिटर काढायला एक-दोन तास किंवा अधिकही लागतात. सिस्टर मधून मधून बीपी बघतात. सोबतच्या माणसाने मोबाइल खिशात ठेवून पेशंटकडे बघत बसायचं. घाम, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, पोटात अचानक कळ, यांतलं काहीही दिसलं की लगेच हाक मारा. नळीचा वेग कमी-जास्त करणं, पिशवी उचलणं, नळी दाबणं, हे नातेवाइकांनी करायचं नाही. धार मंदावली की सिस्टर पेशंटला थोडं कुशीवर करतात. ते त्यांनी सांगितल्यावरच.

'आलोच आहोत तर सगळंच काढा' हा हट्ट धरू नका. एका बैठकीत ८ लिटरच्या पुढे गेलं की नंतरचा त्रास वाढतो. पोटात थोडं पाणी राहिलं तरी चालतं.

आणखी एक. प्लेटलेट कमी आहेत, रक्त गोठायला वेळ लागतो, असं रिपोर्टात दिसलं की नातेवाईक घाबरतात आणि रक्तपेढीकडे धावतात. सिरॉसिसमध्ये हे आकडे बिघडलेले असतातच. पाणी काढण्यासाठी दर वेळी प्लाझ्मा किंवा प्लेटलेट चढवण्याची गरज नसते. कधी लागतात ते डॉक्टर ठरवतील.

## टप्पा ५: नमुना पोहोचला का, कोणत्या तपासण्या?

सरकारी रुग्णालयात कित्येकदा नमुन्याची बाटली नातेवाइकाच्याच हातात देतात. तेव्हा हे काम गंभीरपणे घ्या. चहा प्यायला थांबायचं नाही, सरळ लॅबला जायचं. प्रत्येक बाटलीवर नाव, वॉर्ड, तारीख आहे का ते बघून मगच निघा.

पेशींची मोजणी सर्वांत महत्त्वाची. पाण्यातल्या न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी दर घन मिलिमीटरला २५० किंवा त्याहून जास्त असतील, तर पाण्यात जंतुसंसर्ग झाला असं धरून कल्चरची (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीची) वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात. हा रिपोर्ट त्याच दिवशी मागून घ्या. कल्चरचा नमुना खाटेपाशीच त्याच्या खास बाटलीत भरावा लागतो. साध्या बाटलीत तासन्‌तास पडून राहिला तर जंतू सापडत नाहीत.

पहिल्या वेळी पाण्यातलं अल्ब्युमिन आणि प्रोटीनही बघतात. त्यासाठी त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिनही तपासावं लागतं, कारण दोन्हींची वजाबाकी करायची असते. फरक १.१ किंवा जास्त आला तर पाणी लिव्हरच्या शिरांवरच्या दाबामुळे (किंवा हृदयामुळे) झालेलं असण्याची शक्यता. कमी आला तर टीबी, कॅन्सर, किडनी यांकडे बघायचं. रक्ताचा नमुना राहून गेला की ही सगळी तपासणी वाया जाते, आणि तो नेहमी राहून जातो. टीबीच्या संशयात एडीए नावाची तपासणी करतात. कॅन्सरच्या संशयात पेशींच्या तपासणीला जास्त पाणी लागतं.

"मागच्या महिन्यात तपासलं होतं की, पुन्हा कशाला?" असं विचारलं जातं. ताप, पोटदुखी, गुंगी, रक्ताची उलटी, किडनी बिघडणं यांपैकी कशासाठीही जलोदराचा पेशंट भरती झाला, तर पाणी नव्याने तपासायलाच हवं. जंतुसंसर्ग कधी कधी तापाशिवाय, दुखल्याशिवाय होतो. उशीर झाला तर जीव जातो.

## टप्पा ६: सुई काढल्यानंतरचा पहिला दिवस

किती लिटर निघालं आणि किती अल्ब्युमिन दिलं, हे फाईलवर लिहून घ्या. तिथेच वजन करा. ६ लिटर निघालं तर वजन जवळपास ६ किलोने उतरलेलं दिसेल. हा आकडा पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

पेशंटला एकदम उभं करू नका. आधी बसवा, पाय खाली सोडू द्या, मग धरून उभं करा. टोचलेल्या जागेतून थोडं पाणी झिरपू शकतं. ती जागा वर राहील अशा कुशीवर झोपवा, म्हणजे डाव्या बाजूला टोचलं असेल तर उजव्या कुशीवर. पट्टी भिजली तर बदला. पट्टीवर पट्टी चढवत बसू नका, भिजलेल्या कापडाखाली जंतू वाढतात. एक-दोन दिवसांनीही झिरपणं थांबलं नाही तर दाखवा, टाका घालावा लागू शकतो. हळद, राख, तंबाखू यांतलं काहीही त्या जागेवर लावायचं नाही.

जास्त पाणी काढलं असेल तर त्या रात्री रुग्णालयाजवळ राहा. किनवटचा पेशंट नांदेडला, आष्टीचा अंबाजोगाईला किंवा कन्नडचा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आलेला असतो. संध्याकाळच्या गाडीत काही तास हादरे खात गेला आणि वाटेत बीपी उतरलं, तर मधल्या गावात काही करता येत नाही.

> लगेच परत या, किंवा १०८ ला फोन करा: ताप किंवा थंडी वाजणं, पोट दुखणं, असंबद्ध बडबड, दिवसा झोप आणि रात्री जाग, हात थरथरणं, दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा कमी लघवी, रक्ताची उलटी, डांबरासारखी शौच, टोचलेल्या जागेतून रक्त किंवा तिथे वाढत जाणारी काळी-निळी गाठ, उठताना चक्कर येऊन पडणं, बेंबीचा हर्निया कडक होऊन दुखणं.

यातलं शेवटचं लोकांना माहीत नसतं. पाणी कमी झाल्यावर हर्नियात आतडं अडकू शकतं. हाताने दाबून आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

## टप्पा ७: घरी

वजन. वजनकाटा घ्या. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. आठवड्यात दोन-तीन किलो वाढलं तर पोट फुगायची वाट न बघता दाखवा. लघवीच्या गोळ्यांवर वजन फार वेगाने उतरत असेल तरीही कळवा. पायावर सूज नसलेल्या पेशंटचं रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरणं किडनीला भारी पडतं.

मीठ. सिरॉसिसमध्ये दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, याच्या आत. आपली ज्वारीची भाकरी बिनमिठाची असते, ही मोठी सोय आहे. भाकरी, बिनमिठाचं वरण, वर मोजलेलं मीठ, लिंबू, लसूण, जिरं, कोथिंबीर असं जेवण बसवता येतं. सुटायला हवं ते ठेचा, लोणचं, पापड, कुरडई, खारे शेंगदाणे, फरसाण, खारी आणि बेकरीची बिस्किटं. खायचा सोडा आणि गॅसवर घ्यायच्या फसफसणाऱ्या पुड्या यांतही भरपूर सोडियम असतं. 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी होण्याची गोळी चालू असताना ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. सैंधव हेसुद्धा मीठच आहे.

पाणी पिणं मात्र सरसकट तोडू नका. रक्तातलं सोडियम बरंच खाली, १२५ च्या आत गेलं असेल तेव्हाच डॉक्टर पाण्यावर बंधन घालतात. उन्हाळ्यात तहानेने व्याकूळ पेशंटला 'पोटात पाणी आहे म्हणून पाणी नको' म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. पोटातलं पाणी साठतं ते मुख्यतः मिठामुळे.

डाळ, अंडी बंद करू नका. लिव्हर खराब म्हणजे नुसतं फळ आणि खिचडी, असं करून पेशंटचे दंड-मांड्या सुकतात. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं. डाळ, दही, दूध, अंडी, मोड आलेली मटकी द्या. रात्री झोपण्याआधी थोडं काहीतरी खायला द्या, रात्रभराचा उपास लांबू देऊ नका.

गोळ्या. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड घेऊ नका. किडनी यांनीच बसते. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. झाडपाल्याची औषधं, भस्मं बंद. शौच दिवसातून दोन-तीनदा साफ व्हायला हवी, बद्धकोष्ठ झालं की गुंगी चढते. म्हणून लॅक्टुलोजचं औषध 'जुलाब होतात' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्या. उलट्या-जुलाबाने पेशंट कोरडा पडला, तर लघवीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

आणि दारू. पूर्ण बंद, सणावारालाही. दारूने झालेल्या सिरॉसिसमध्ये दारू सुटल्यावर काही महिन्यांत पाणी भरणं कमी होतं, कधी थांबतंही.

## टप्पा ८: पुन्हा भरलं तर

पुन्हा काढता येतं. पण दर पंधरा-वीस दिवसांनी काढावं लागत असेल, तर फक्त काढत राहू नका. वजनाची वही, मिठाचा हिशोब आणि गोळ्यांची यादी घेऊन लिव्हरच्या तज्ज्ञाकडे जा आणि तीन प्रश्न विचारा: गोळ्यांचा डोस वाढवता येईल का? टिप्स नावाची, लिव्हरमध्ये जाळी बसवण्याची प्रक्रिया या पेशंटला चालेल का? लिव्हर प्रत्यारोपणासाठी आत्ताच नाव नोंदवायचं का? तिसरा प्रश्न विचारायला लोक फार उशीर करतात. पेशंट चालता-फिरता असताना तो विचारायचा असतो. प्रत्यारोपणाच्या तपासण्यांनाच कित्येक आठवडे जातात, आणि दाता घरातला असेल तर त्याचंही वय, रक्तगट, लिव्हर तपासावं लागतं.

टीबीमुळे पाणी झालं असेल तर हा प्रश्नच येत नाही. सरकारी टीबी केंद्रातून मोफत मिळणारी औषधं किमान ६ महिने, एकही दिवस न चुकवता घ्यायची. महिना-दोन महिन्यांत पोट उतरतं, भूक लागते. तिथेच गोळ्या सोडून देणारे पेशंट पुन्हा येतात, तेव्हा आधीची औषधं लागू पडत नसण्याचा धोका असतो.